मशीन थांबवलं, तर नुकसान कुणाच्या खिशातून?

शिरोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

शिरोली एमआयडीसीत माझं मशिनशॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं होतं. आज ९ मशिनं आहेत आणि तिन्ही पाळ्या धरून ३८ माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही ते मशिनिंग करून पंपवाल्यांना देतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर जे घडलं त्यानं माझी झोप उडाली, म्हणून इथं लिहितोय.

पंप बॉडीचे ३४० नग कस्टमरकडून परत आले. बोअरचा, म्हणजे भोकाचा, साइझ बरोबर, पण सेंटर डिस्टन्स (भोकांमधलं अंतर) हललेलं. शोधलं तर फिक्स्चरची, म्हणजे मशीनवर नग (जॉब) धरून ठेवणाऱ्या साच्याची, लोकेटिंग पिन झिजली होती. गो-नोगो गेजवर (भोक मापात आहे की नाही एवढंच सांगणारं मापक) हे दिसत नाही, आणि सीएमएमवर (सगळी अंतरं मोजणारं यंत्र) आम्ही बाहेरून आठवड्याला दोनच नग तपासून आणतो. कागदावर बघितलं तर कुणाचीच चूक नाही.

दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला विचारलं, "तुला काहीच जाणवलं नाही का रे?"

"जाणवलं होतं की. सोमवारपासनं जॉब बसताना जरा हलत होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "साहेब, श्रावणात मी मशीन बंद करून तुम्हाला बोलवायला आलो होतो. तवा तुम्ही काय बोलला ते तुमच्या ध्यानात नसंल."

खरंच ध्यानात नव्हतं. रात्री घरी जेवताना आठवलं. डिस्पॅचची गाडी दारात उभी होती आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, "तुला मशीन चालवायला ठेवलाय, बंद करायला नाही." त्या दिवशी त्याची शंका चुकीची निघाली, त्यामुळं आपण बरोबरच होतो असं धरून मी विसरूनही गेलो. त्याच्या हाताला जे कळतं ते माझ्या कुठल्याही गेजला कळत नाही, आणि त्या हातानं बोलायचं मी बंद करून टाकलं होतं.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. साकिची टोयोडा हा जपानी सुताराचा मुलगा. १९२४ मध्ये त्यानं मुलाच्या साथीनं जो स्वयंचलित माग तयार केला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. तुटक्या धाग्यावर पुढचं कापड विणलंच जायचं नाही. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. तीच कल्पना पुढं टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेली आणि तिथं कामगाराच्या हातात दोरी आली. काही खटकलं की ओढायची.

मी दोरीऐवजी घंटा लावली. प्रत्येक मशीनजवळ एक बटण. सगळ्यांना जमवून सांगितलं, शंका आली की दाबा, कुणी काही बोलणार नाही. पहिले १२ दिवस एकदाही वाजली नाही. तेराव्या दिवशी वाजली, तीही चुकून कोपर लागून.

आता दोन प्रश्न आहेत. एक, माणसं अजून घाबरतात का, की दुसरंच काही कारण आहे? दोन, माझा सुपरवायझर २२ वर्षं इथंच काम केलेला जुना माणूस, वडिलांच्या वेळचा. तो म्हणतो, "पोरांच्या हातात घंटा दिली, आता मला कोण विचारतंय?" त्याला दुखवायचं नाही आणि बदल तर करायचाय. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणानं लिहा.

---

खर्चीवाला

शिरोलीकर, इचलकरंजीहून लिहितोय. मागाची गोष्ट काढलीत म्हणून राहवलं नाही.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला. आमच्या घरात माग आले आजोबांपासून, आणि आम्ही अजून साध्या मागावरच खर्चीनं (व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर) काम करतो. साध्या मागावर बाणा तुटला तर माग थांबतो, तेवढी सोय आहे. पण ताण्याचा धागा तुटला तर तो चालतच राहतो. ते कामगारानं डोळ्यानं बघायचं. एक माणूस चार-सहा मागांवर फिरत असतो, त्याची पाठ वळली की तेवढ्यात कापडात भेग पडते. नव्या शटललेस (धोट्याशिवायच्या) मागांवर प्रत्येक ताण्यावर पातळ पत्र्याची ड्रॉपर असते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग उभा राहतो.

आता तुमच्या घंटेकडं येतो. आमच्याकडं मजुरी मीटरवर, पिकाच्या (कापडात बसलेल्या बाण्याच्या धाग्यांच्या) हिशोबानं. माग उभा राहिला की मीटर थांबला, मीटर थांबला की कामगाराची मजुरी थांबली. मग तुटका धागा बघून माग थांबवणारा माणूस स्वतःच्या पोटातनं पैसे भरत असतो. बरं, कापडात दोष निघाला तर व्यापारी माझे पैसे कापतो, मी त्याचे. थांबवलं तरी त्याचंच नुकसान, नाही थांबवलं तरी त्याचंच, आणि यातलं दुसरं सापडलं तरच. माणूस दुसरं निवडतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

तुमच्याकडं इन्सेंटिव्ह कसा आहे? नगावर असेल तर घंटा का वाजत नाही याचं उत्तर मला इथूनच दिसतंय.

---

शिरोलीकर

खर्चीवाले, नगावरच आहे. पाळीला ९० नगांच्या वर प्रत्येक नगाला ६ रुपये. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) साडेचार मिनिटं. म्हणजे घंटा दाबून २० मिनिटं मशीन उभं राहिलं तर चार नग गेले, २४ रुपये गेले. पगाराच्या दिवशी मीच त्या वहीवर सही करतो, तरी हे मला सुचलं नव्हतं.

---

आयचीतून परत

मी ८ वर्षं जपानमध्ये, आयची प्रांतात, मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका पुरवठादार कंपनीत होतो. आता पुण्यात असतो. दोरीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे, तो आधी दूर करतो.

दोरी ओढली की अख्खी लाईन तिथल्या तिथे थांबते, असं नाही. दोरी ओढली की दिवा लागतो आणि सूर वाजतो. या दिव्याच्या पाटीला अँडॉन म्हणतात, मूळ शब्द कागदी कंदिलाचा. टीम लीडर धावत येतो. गाडी त्या माणसाच्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत सरकत असते. तेवढ्या वेळात दोघांनी मिळून अडचण सोडवली तर दोरी पुन्हा ओढायची, लाईन चालू राहते. नाही सुटली तरच खुणेवर येऊन थांबते. बहुतेक वेळा ती थांबत नाहीच. म्हणजे खरी व्यवस्था दोरीची नाही, धावत येणाऱ्या माणसाची आहे. पाच ते आठ जणांमागे एक लीडर असतो आणि तो कागद भरत बसलेला नसतो.

तुमच्याकडे घंटा वाजली की कोण येतं? किती मिनिटांत? आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतं? आमच्या शॉपमध्ये लीडरचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: सांगितल्याबद्दल आभार. मला सुरुवातीला ते नाटकी वाटायचं. सहा महिन्यांनी मीच एकदा चुकीचा बोल्ट लावला आणि दोरी ओढली, तेव्हा ते वाक्य ऐकून माझा घसा दाटून आला. शाळेपासून नोकरीपर्यंत चूक कबूल केल्यावर आभार मानणारं मला पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं.

सुपरवायझरच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे, असं मला वाटतं. घंटा वाजल्यावर धावून जाणारा माणूस तोच हवा. २२ वर्षांचा अनुभव इतर कुठे कामाला येणार? "मला कोण विचारतंय" असं त्यांना वाटतं, कारण तुम्ही घंटा त्यांना वगळून थेट पोरांच्या हातात दिलीत. घंटा लावायच्या आधी त्यांच्याशी किती वेळ बोललात?

आणखी एक. हे सगळं जपानी माणसाच्या रक्तातच आहे, असं इथे कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. १९५० मध्ये टोयोटा दिवाळ्याच्या काठावर होती. मोठा संप झाला, दीड हजारांहून जास्त माणसांना घरी जावं लागलं, आणि त्याची जबाबदारी घेऊन साकिचींचा मुलगा किइचिरो याने अध्यक्षपद सोडलं. कामगारांकडून सूचना मागवण्याची त्यांची पद्धत त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये सुरू झाली. कामगार आणि व्यवस्थापन यांनी परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला तो १९६२ मध्ये. मधली बारा वर्षं बघा. एका सभेत घंटा लावून हे होत नाही.

---

पिंपरीचा जुना फिटर

मी ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. युनियनमध्येही होतो. तुम्हा सर्वांच्या लिहिण्यात तळमळ आहे हे दिसतं, म्हणून दुसरी बाजूही तेवढ्याच तळमळीने सांगतो.

१९८० च्या दशकात आमच्याकडे क्वालिटी सर्कल आलं. दर शनिवारी तासभर बसायचं, अडचण फळ्यावर लिहायची, उपाय शोधायचा. मला ते मनापासून आवडलं. आमच्या गटाने एका असेंब्ली फिक्स्चरमध्ये बदल सुचवला. क्लॅम्प दोनऐवजी एका हाताने आवळता येईल असा. आठ दिवस घरी कागदावर रेघोट्या मारत होतो. बायको म्हणायची, कारखाना घरी आणलाय. बदल झाला, काम सोपं झालं, आम्हाला स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र मिळालं, फोटो काढला.

तीन महिन्यांनी त्या लाईनवरची दोन माणसं कमी झाली. दोघेही हंगामी होते, त्यांना परत बोलावलं नाही. त्यातला एक आमच्या सर्कलमध्येच बसायचा. शिवाय उरलेल्यांचं पाळीचं टार्गेट वाढलं. त्यानंतर आमच्या गटातून एकही सूचना गेली नाही. साहेब विचारायचे, तुम्ही लोक एवढे थंड का पडलात? काय सांगणार होतो? तो डबा अजून घरात आहे. मी त्यातून कधी जेवलो नाही.

तेव्हा शिरोलीकर, घंटा वाजवण्याची किंमत आज २४ रुपये असेल. पण चांगली गोष्ट सांगितल्याची किंमत एखाद्याची नोकरी असू शकते, हे कामगार तुमच्या आधी ओळखतो. तुमच्या ३८ पैकी कंत्राटी किती? कंत्राटी माणूस घंटा वाजवणार नाही. त्याचा मालक तुम्ही नाही, उद्या तो दिसला नाही तर कुणी विचारणारही नाही.

आणि जपानी पद्धतीचं नाव असलं की सगळं गोड असतं असंही नाही. बंगळुरूजवळ बिडदीच्या टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात २००६ मध्ये आणि परत २०२० मध्ये तंटा टाळेबंदीपर्यंत गेला. २०२० ला कामगारांची तक्रार कामाच्या बोज्याचीच होती. दोरी लटकत असली तरी लाईनचा वेग कोण ठरवतो, हा प्रश्न राहतोच.

---

शिरोलीकर

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कंत्राटी ११ आहेत. घंटेच्या सभेला मी त्यांना बोलावलंही नव्हतं. माझ्या मनात "आपली माणसं" म्हणजे २७ होती, हे तुमच्यामुळं आज कळलं.

आयचीतून परत, सुपरवायझरांशी मी बोललोच नव्हतो. सभेतच त्यांना पहिल्यांदा कळलं, सगळ्यांबरोबर.

---

सांगलीची मास्तरीण

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात उत्पादन व्यवस्थापन शिकवते. काकांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्यालाच जोडून फ्रीमॉंटचं उदाहरण सांगते. वर्गात दरवर्षी सांगते, तरी सांगताना कंटाळा येत नाही.

कॅलिफोर्नियात फ्रीमॉंट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, तक्रारींचे ढीग, कामावर दारू. लाईन काही झालं तरी थांबवायची नाही हा तिथला नियम. गाडीत चुकीचा भाग बसला तरी तशीच पुढे ढकलायची, दुरुस्ती नंतर. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. युनियन तीच, आणि घेतलेल्या माणसांत बहुतेक जुनीच, ज्यांना सगळे बेशिस्त म्हणायचे. त्यांच्यातल्या काहीशे जणांना जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात काही आठवडे काम करायला पाठवलं. दोन वर्षांत त्यांच्या गाड्यांचा दर्जा ताकाओकाच्या तोडीचा झाला.

विद्यार्थी इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवतात आणि कारण म्हणून "संस्कृती" असं लिहून टाकतात. मला तो शब्द तिथे पुरेसा वाटत नाही. युनियनबरोबरच्या करारात काय होतं ते बघायला हवं. माणसं कमी करायची वेळ आलीच, तर त्याआधी व्यवस्थापकांचे पगार कापायचे आणि बाहेर दिलेली कामं आत आणायची, असं लिहून दिलं होतं. आणि १९८८ च्या सुमारास खप घसरला, कारखाना निम्म्यापेक्षा थोड्याच जास्त क्षमतेवर चालू लागला, तेव्हा खरंच कुणाला काढलं नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षण दिलं, सुधारणांच्या कामाला लावलं. तो प्रसंग आला नसता तर करार कागदावरच राहिला असता. कामगारांनी विश्वास ठेवला तो त्या वर्षी, असं मी मानते.

उलटं उदाहरणही जनरल मोटर्सचंच. कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या कारखान्यात त्यांनी हीच पद्धत नेली. दोऱ्या आल्या, गट आले, प्रशिक्षण झालं. पण लाईन थांबली की वरचे व्यवस्थापक चिडायचे, कारण त्यांचं मूल्यमापन किती गाड्या बाहेर पडल्या यावरच होतं. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

म्हणून शिरोलीकर, ऑपरेटरच्या इन्सेंटिव्हइतकंच सुपरवायझरच्या इन्सेंटिव्हकडे बघा. त्यांची दिवाळी कशावर ठरते? पाळीच्या नगांवर ठरत असेल, तर घंटेचा आवाज त्यांना गोड कसा लागेल?

---

रात्रपाळी_सिस्टर

मी कारखान्यातली नाही, नर्स आहे. पण वाचताना हात थांबले.

आमच्याकडे औषधाची चूक झाली किंवा होता होता राहिली, तर भरायचा फॉर्म असतो. तो भरला की वरून पहिला प्रश्न येतो, "ड्युटी कुणाची होती?" म्हणून होता होता राहिलेल्या चुका कुणीच लिहीत नाही. दोन औषधांच्या बाटल्या हुबेहूब सारख्या दिसतात, त्या शेजारी ठेवू नयेत, हे आम्हा सगळ्याजणींना माहीत आहे. बोलतो, पण एकमेकींशी, चहाच्या वेळी. एका नव्या मेट्रनबाईंनी प्रश्न बदलला. त्या विचारायच्या, "बाटल्या कुठे ठेवल्या होत्या?" महिनाभरात ट्रॉलीची मांडणी बदलली. बाई बदलून गेल्या आणि जुना प्रश्न परत आला.

---

गेटपलीकडचा

मी पलीकडच्या बाजूचा आहे. एका मोठ्या कंपनीत पुरवठादारांची क्वालिटी बघतो. शिरोलीकरांसारख्यांचा माल माझ्याकडे येतो.

इथे कुणीच बोललं नाही ते सांगतो. समजा शिरोलीकरांच्या ऑपरेटरने घंटा वाजवली, त्यांनी गोदाम तपासलं आणि मला फोन केला, "साहेब, कालच्या लॉटमध्ये गडबड आहे, वापरू नका." आमची पद्धत काय? सॉर्टिंगचा (खराब नग निवडून काढण्याचा) खर्च डेबिट, म्हणजे पुरवठादाराच्या नावे, रेटिंगमधून गुण वजा, एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) तीन दिवसांत. जो फोन करत नाही, त्याचा खराब माल कधी सापडतो, कधी जिरून जातो. सापडला तर शिक्षा तीच, जिरला तर रेटिंग हिरवं. खर्चीवाल्यांनी विणकराचं जे सांगितलं तेच आम्ही वरून पुरवठादाराला करतो, आणि पुरवठादार खाली करतो.

मी दोन वर्षं आमच्याकडे भांडतोय की पुरवठादाराने स्वतःहून आमच्या आधी सांगितलं तर रेटिंगचे गुण कापू नयेत. आत्तापर्यंत एका विभागाने मान्य केलंय. मोठ्यांनाही हे जड जातं. खुद्द टोयोटाला २०१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि तिचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की ज्या वेगाने आम्ही वाढलो, त्या वेगाने माणसं तयार करू शकलो नाही. ज्यांच्याकडून जगाने हे शिकलं त्यांच्याही हातून ते सुटलं.

शिरोलीकर, एकदा तुमच्या कस्टमरच्या माणसाशी समोर बसून हे बोला. सगळेच ऐकणार नाहीत. पण आमच्यातही काहीजण कुणीतरी आधी फोन करावा म्हणून वाट बघत असतात.

---

कुंडलरोड

बदल आणि सुपरवायझर यांबद्दल थोडंसं.

माझं आजोळ किर्लोस्करवाडीजवळचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लोखंडी नांगर तयार होऊन पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोनेक वर्षं गेली, हे विसरलं जातं. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपण ती अडाणी म्हणून सोडून देतो. मला तसं वाटत नाही. ज्याचं वर्षभराचं पोट एका पेरणीवर आहे, त्यानं नव्या अवजारावर जमीन का पणाला लावावी? नुकसान झालं तर कारखानदार भरून देणार नव्हता. जुना लाकडी नांगर त्याच्या पोरानं, सुतारानं दुरुस्त केलेला, ओळखीचा. आधी शेतात चालवून दाखवावा लागला, आणि वाट बघावी लागली.

तुमच्या सुपरवायझरांची जमीन म्हणजे त्यांचा शब्द आहे. शॉपमध्ये २२ वर्षं त्यांचा शब्द चालला. घंटेनं तो जाणार नाही, हे त्यांना सांगून पटणार नाही, दिसावं लागेल.

---

शिरोलीकर

दीड महिन्यानं लिहितोय. सगळ्यांचं वाचत होतो, पण काहीतरी केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिलं, इन्सेंटिव्ह. घंटा वाजल्यापासून मशीन सुरू होईपर्यंतची मिनिटं वहीत लिहायची आणि तेवढ्या वेळाचे नग झाले असं धरायचं. शंका खोटी निघाली तरी. अकाउंटवाला म्हणाला, लोक मुद्दाम वाजवतील. बघू म्हटलं. दीड महिन्यात ६१ वेळा वाजली. मुद्दाम वाजवली असं मला एकदाही वाटलं नाही. ६१ मधल्या ४० शंका तरी निघाल्या फुसक्या. त्यांचेही पैसे दिले. उरलेल्यांत एक बेअरिंग जायला आलेलं स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) सापडलं.

दुसरं, सुपरवायझर. त्यांच्या घरी गेलो. ऑफिसात बोलावलं नाही. वहिनींनी चहा केला, आणि मी श्रावणातली गोष्ट त्यांना सांगितली, मी कुणावर ओरडलो, काय बोललो. ते म्हणाले, "मला माहीत आहे, मी तिथंच होतो. तुमच्या वडिलांनी पण मला एकदा असंच बोललं होतं." कधी ते विचारलं तर म्हणाले, पहिल्याच वर्षी. त्यांनी तारीख सांगितली. मी पुढं काही बोलू शकलो नाही.

आता घंटा वाजली की तेच जातात. तिसऱ्या पाळीला त्यांनी तयार केलेला एक पोरगा. त्यांचा बोनस नगांवर होता, तो काढला. रिजेक्शन किती कमी झालं आणि घंटेला किती मिनिटांत पोचले, यावर ठेवला. यातलं दुसरं मोजमाप त्यांनीच सुचवलं.

तिसरं, कंत्राटी माणसं. इथं मला यश आलेलं नाही. ११ पैकी चौघांना कायम केलं, त्यापेक्षा जास्त आत्ता झेपत नाही. उरलेल्या ७ जणांचा इन्सेंटिव्ह ठेकेदारामार्फत जातो आणि तो पूर्ण पोचतो की नाही याची मला खात्री नाही. काका, तुम्ही हे नियम कसे राबवले जातात ते जवळून बघितलंय. थेट त्यांच्या खात्यावर देता येईल का, त्यात कायद्याची काय अडचण येते, ते सांगाल का? चांगली सूचना आली म्हणून माणूस कमी करणार नाही, हे मी नोटीस बोर्डावर सही करून लावलंय, आणि त्यात "कंत्राटीसुद्धा" असं लिहिलंय. ते पाळायची वेळ अजून आलेली नाही.

गेटपलीकडचे, परवा रात्री २ वाजून १० मिनिटांनी घंटा वाजली. तोच ऑपरेटर, पाळी बदलून तिसरीला आलेला. जॉब परत हलत होता. पिन नवी होती, पण खालचा बोल्ट ढिला झाला होता. सहा नग बाजूला काढले, पण संध्याकाळी गेलेल्या गाडीतले ८० नग संशयात आले. सकाळी साडेआठला मी स्वतः कस्टमरला फोन केला, त्यांच्याकडं वापरायला घ्यायच्या आधी. पलीकडचा माणूस थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, बाजूला ठेवतो." ८० मधले ३ खराब निघाले. डेबिट नोट आली आहे, सॉर्टिंगची. ती भरणार आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडं जाऊन तुम्ही सांगितलं तसं समोर बसून बोलणार आहे.

---

पिंपरीचा जुना फिटर

थेट खात्यावर देता येतं का, ते आमच्या युनियनच्या वकिलांना उद्या विचारून लिहितो. तोवर ठेकेदाराकडून दर महिन्याची मजुरीची नोंदवही मागवा. मूळ मालक म्हणून ती बघण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि मजुरी वाटताना मालकाचा माणूस तिथे हजर असायला हवा, असं कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा सांगायचा; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली. बहुतेक मालक पाठवत नसत. या महिन्यात तुम्ही स्वतः जाऊन उभे राहा.